आमच्या पैठणीच्या फोटोला हात लावू नका : ऑनलाइन विक्री कंपन्यांना एक खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांमधे कॅटलॉग आणि सेलर धोरण ठरवणारे सगळे अधिकारी,
आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली

नमस्कार,

मी येवल्याची. घरात दोन माग आहेत, सासरे आणि नवरा विणतात, कांड्या भरायचं काम जाऊबाईंकडे, आणि विक्रीचं सगळं, म्हणजे फोटो काढणं, लिस्टिंग टाकणं, गिऱ्हाइकांचे मेसेज, पार्सल, रिटर्न, हे माझ्याकडे. हे पत्र लिहायला कारण असं झालं की आम्ही जिथे साड्या विकतो त्या एका मोठ्या साइटच्या सेलर पॅनेलवर लग्नसराईच्या तोंडावर नोटीस आली, यापुढे तुमच्या प्रॉडक्टचे फोटो आमचं एआय टूल आपोआप सुधारून दाखवेल, नको असेल तर प्रत्येक लिस्टिंगमधे जाऊन वेगळं बंद करा. आम्हाला कोणी विचारलं नाही, सरळ सुरूच केलं. आणि बंद केलं की त्या लिस्टिंगच्या कडेला खूण येते, फोटोचा दर्जा कमी आहे, त्यामुळे माल कमी लोकांना दिसू शकतो.

मी कंपनीचं नाव घेत नाहीये कारण हे एका कंपनीपुरतं राहिलेलं नाही. आमच्या गल्लीत, आणि जवळच्या नागडे, बल्हेगाव या विणकरांच्या गावांत जे जे ऑनलाइन विकतात त्या सगळ्यांना वेगवेगळ्या साइटवर कमीजास्त हाच अनुभव येतोय. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

आधी त्या टूलने आमच्या साडीचं काय केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पैठणी हातात घेऊन बघितली नसेल असं मला वाटतं.

साडी होती जांभळी-हिरवी धूपछाव, पदरावर बांगडी मोर, म्हणजे गोल बांगडीच्या आत मोर, आणि नारळी नक्षीचा काठ. धूपछाव म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे साडी हलवली की रंग बदलतो, एका बाजूने जांभळी वाटते, दुसऱ्या बाजूने हिरवा झाक मारतो. याचा फोटो काढणं आधीच अवघड असतं, मी सकाळच्या उन्हात ओट्यावर साडी पसरून, वेगवेगळ्या बाजूंनी काढून, त्यातल्या त्यात खरा वाटेल तो टाकते. टूलने तो फोटो घेतला आणि साडी सरसकट एका जांभळ्या रंगाची करून टाकली, हिरवा गेलाच. जरीला असं काही चमकवलं की पिवळा बल्ब लागलाय. काठाच्या नारळीचे त्रिकोण निम्म्यापर्यंत बरोबर आणि मग हळूहळू त्यांची पानं झाली. आणि मोर, ते तर बघवत नव्हते. आपल्या पैठणीत नक्षी धागे मोजून उचललेली असते, त्यामुळे मोराच्या मानेचा बाक जवळून बघितला तर बारीक पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो, तीच तर हाताच्या कामाची खूण. टूलला त्या पायऱ्या म्हणजे फोटोतला दोष वाटल्या असणार, त्याने सगळ्या घासून गुळगुळीत केल्या, ब्रशने काढल्यासारख्या. वर एक न जन्मलेली मुलगी ती साडी नेसून कुठल्यातरी राजवाड्याच्या खांबाला टेकून उभी.

फोटो सुंदर होता, यात वाद नाही. पण ती साडी आमच्या मागावर विणलेली नव्हती. ती कुठल्याच मागावर विणलेली नव्हती.

त्या फोटोवरून नागपूरच्या एका ताईंनी लेकीच्या लग्नासाठी साडी मागवली. पार्सल उघडलं आणि त्यांचा मेसेज आला, फोटोत दाखवलेली साडी ही नाही, रंग वेगळा आहे, काठ वेगळा आहे. त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांनी जे बघितलं ते मागितलं. साडी परत आली, येण्याजाण्याचा खर्च आमच्या पेमेंटमधून कापला गेला, एक स्टार मिळाला आणि खाली लिहून आलं, "फसवणूक, नकली पैठणी." तीन पिढ्या हातमागावर काढलेल्या घरातल्या माणसाला, माझ्या सासऱ्यांना, मी ते वाचून दाखवलं नाही. तो रिव्ह्यू काढा म्हणून तुमच्याकडे तक्रार टाकली तर उत्तर आलं की रिव्ह्यू धोरणात बसतो. फोटो तुम्ही बदललात हे मी स्क्रीनशॉट लावून लिहिलं होतं, त्यावर अवाक्षर नाही.

आता हे का इतकं लागतं ते सांगते. दुकानात आलेलं गिऱ्हाईक साडीला हात लावतं, पदर उलटा करून बघतं. खरी पैठणी ओळखायची सगळ्यात सोपी रीत हीच, उलटी बाजू बघायची. हातमागावरच्या पदरावर मोर मागूनही तसाच दिसतो, लोंबणारे धागे नाहीत, कारण एकेका रंगाचा धागा छोट्या तिल्लीवरून, म्हणजे धागा गुंडाळलेल्या काडीवरून, हाताने त्या नक्षीपुरता नेऊन परत आणलेला असतो. जॅकार्ड लावलेल्या पॉवरलूमच्या साडीत मागे धागे सुटे राहतात नाहीतर कापलेले दिसतात. साधा पदर असेल तरी काम महिन्याच्या घरात जातं, भरलेला पदर आणि अंगभर बुट्टे असतील तर कितीतरी महिने. ही मेहनत ऑनलाइन गिऱ्हाइकाला हाताने कळणार नाही, त्याच्याकडे फोटो सोडून दुसरं काही नाहीये. तोच फोटो खोटा झाला तर त्याने विश्वास ठेवायचा कशावर, आणि आम्ही आमची साडी खरी आहे हे दाखवायचं कशातून?

माझ्या तक्रारी खाली लिहिते, एकेक करून. सगळ्या सारख्या मोठ्या नाहीत, काही फार मोठ्या आहेत.

१. न विचारता फोटो बदलणं. याच्यावर वर लिहिलंच. फक्त एवढंच जोडते की हे करून तुम्ही आम्हाला कायद्याच्या कचाट्यात टाकताय. २०२० चे ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात तुमच्यासारख्या मार्केटप्लेसवर जबाबदारी टाकलीय की विक्रेत्याकडून हमीपत्र घ्यायचं, मालाचं वर्णन आणि फोटो प्रत्यक्ष मालाशी, त्याच्या दिसण्याशी, दर्जाशी जुळले पाहिजेत. फोटोचा उल्लेख नियमातच आहे, मी वाचलाय. ते हमीपत्र आम्ही तुम्हाला अकाउंट उघडताना दिलंय. म्हणजे फोटो खरा असेल अशी सही आम्ही करायची, आणि सही घेतल्यावर तो फोटो तुमच्याच टूलने बदलायचा, आणि जुळला नाही म्हणून दंड, रिटर्न, स्टार पुन्हा आमच्याच नावावर. हे कुठल्या न्यायात बसतं ते मला कोणीतरी समजावून सांगा.

२. पॉवरलूमची साडी, हातमागाचा फोटो. हे आधीपासून होतंच, सुरतेची नाहीतर बंगळुरूकडची दीड-दोन हजाराची साडी पैठणी म्हणून विकणारे कायम होते. आणि मी हे स्पष्ट लिहिते की सेमी पैठणी विकण्यात काही वाईट नाही, प्रत्येकीला हातमागाची परवडत नाही, हौस तर सगळ्यांनाच असते, फक्त सेमी म्हणून विका. पण आधी निदान त्यांना फोटो त्यांच्याच साडीचा लावावा लागायचा, आणि जाणकार बाई झूम करून ओळखायची. आता दोन ओळी टाईप केल्या की भरजरी पदर तयार, येवल्याचं घर तयार, आणि मागावर बसलेले पांढऱ्या मिशांचे आजोबासुद्धा तयार. असा एक फोटो मी नीट बघितला. आजोबांच्या समोर माग आहे, पण ताण्याचे म्हणजे उभे धागे फणीपर्यंत पोचायच्या आधीच हवेत संपलेत, आणि पदर विणताना त्यांच्या हातात एकही तिल्ली नाही. ज्याने माग बघितलाय त्याला क्षणात कळतं, पण पुण्यात नाहीतर दुबईत बसून आईसाठी साडी घेणाऱ्या मुलाला कसं कळणार? त्याला वाटतं आपण विणकराला मदत करतोय. त्याचे पैसे ज्याच्याकडे जातात त्याने आयुष्यात धोटा फेकलेला नसतो.

पैठणीला २०१० मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. जीआयचा कायदा १९९९ चा आहे, त्यात खोटं भौगोलिक नाव वापरणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण अशी नकली साडी पैठणी म्हणून खपते ती नावापेक्षाही त्या फोटोवर, आणि फोटो तपासायला तुमच्याकडे कोणी नाही.

३. आमचेच फोटो चोरून, बदलून वापरणं. ही तक्रार सगळ्यात जास्त छळते. पूर्वी कोणी माझा फोटो उचलला तर मी दाखवू शकायचे, बघा ही घडी माझी, हा ओटा माझा, मागची भिंतसुद्धा माझी. कॉपीराइटची तक्रार टाकली की चार-आठ दिवसात तो फोटो निघायचा. आता काय करतात, माझा पदराचा फोटो घेतात, एआयमधे टाकतात, भिंत बदलतात, मॉडेल टाकतात, काठाचा रंग थोडा हलवतात, मोर मात्र माझे, त्यातल्या एका मोराच्या चोचीजवळ एक धागा चुकून वर आलाय तोसुद्धा तसाच. मी तक्रार केली तर तुमच्या सिस्टीमचं उत्तर, दोन्ही फोटो एकसारखे नाहीत, तक्रार बंद. नवऱ्याने विणलेल्या चुकीचा धागा मी ओळखणार नाही का? पण ते ऐकून घ्यायला तिकडे माणूसच नाही.

४. खऱ्या फोटोला मागे टाकणं. सर्चमधे वरच्या ओळीत बघा, एकजात राजवाडे, एकजात गोऱ्यापान मुली, एकजात एकाच बाजूने पडणारा सोनेरी उजेड. माझा ओट्यावरचा फोटो त्याच्या शेजारी फिका दिसतो हे मला मान्य आहे. पण तो फिका का दिसतो, तर तो खरा आहे म्हणून. आणि तुमचा सर्च क्लिक बघतो, क्लिक चकचकीत फोटोला जातो, मग चकचकीत फोटो अजून वर जातो, आणि खरं दाखवणारा दहाव्या पानावर. सुरुवातीला न बदललेल्या फोटोला कमी दर्जाची खूण लावतात म्हटलं ना, ती खूण म्हणजे याच्यावरचा शिक्का झाला.

५. आणि एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडे सीझनला फोटो काढायला येणारी मुलं आहेत, कॅमेरा-लाइट घेऊन फिरणारी, वाड्यात नाहीतर मंदिराच्या आवारात शूट करणारी. साडी नेसवून द्यायला येणारी बाई असते, निऱ्या कशा घ्यायच्या, पदर कसा टाकायचा म्हणजे मोर उलटा दिसणार नाही, हे तिला माहीत. कॉलेजच्या मुली मॉडेल म्हणून उभ्या राहायच्या, आमच्यासारख्याच दिसणाऱ्या, तेवढेच चार पैसे मिळायचे. या कामाला ओहोटी लागलीये. मी काही सगळं थांबवा म्हणत नाही, पण हे काम जातंय आणि कोणी नोंदसुद्धा घेत नाहीये, म्हणून लिहिलं.

आता माझ्यावर कोणी असं म्हणेल की ही बाई टेक्नॉलॉजीच्या विरोधात आहे, तर तसं अजिबात नाही. इंग्रजी-हिंदी वर्णनं मी एआयकडूनच करून घेते, परदेशातल्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायला त्याचा फार उपयोग होतो. फोटोच्या मागचे दोरीवरचे कपडे पुसायला वापरलं तरी माझं काही म्हणणं नाही. स्टीलचा डबा विकणाऱ्याने डब्याच्या मागे छान स्वयंपाकघर टाकलं तर कोणाचं नुकसान झालं? डबा तोच आहे, तेवढ्याच लिटरचा आहे. माझं म्हणणं एका रेषेपुरतं आहे: मालाच्या कडेच्या बाहेर काय हवं ते करा, कडेच्या आत करू नका. साडीच्या बाबतीत तर कडेच्या आत रंग, पोत, नक्षी, जर, काठ हेच सगळं असतं, त्याचेच पैसे गिऱ्हाईक देतं. तुमच्या टूलला ही कड कळत नाही, ते सगळंच नव्याने काढतं. दागिन्यांचं, चपलांचं, हाताने रंगवलेल्या भांड्यांचं असंच होणार, जिथे जिथे हाताच्या कामाला किंमत आहे तिथे तिथे.

लेबलचं पण बोलू. गुगलने त्यांच्या मर्चंट सेंटरवर माल टाकणाऱ्यांना सांगितलंय की एआयने बनवलेल्या फोटोच्या फाइलमधली तशी खूण, ज्याला मेटाडेटा म्हणतात, ती ठेवायचीच, काढायची नाही. म्हणजे खूण ठेवणं तांत्रिकदृष्ट्या जमतं, हे तुम्ही मला अशक्य आहे म्हणून सांगू नका. पण ती खूण मशीनला दिसते, साडी घेणाऱ्या बाईला दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ मधे केंद्राच्या आयटी मंत्रालयाने नियमांचा मसुदा काढला होता त्यात एआयच्या चित्रावर किमान दहा टक्के जागेत दिसेल असं लेबल असावं असं होतं, तेव्हा सगळी चर्चा नटनट्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या खोट्या व्हिडिओंवर झाली. बाजारातल्या मालाच्या खोट्या फोटोवर कोणी फारसं बोललं नाही. रोज फसतात ते मात्र इथे.

तर मागण्या. यातलं काहीही अवघड नाहीये, इच्छा हवी.

कंपन्यांना :

आपोआप फोटो बदलणं आजपासून बंद करा. ज्याला हवं तो स्वतः चालू करेल, बंद करायची मेहनत आमच्यावर टाकू नका. आणि न बदललेल्या फोटोला कमी दर्जाची खूण लावणं थांबवा.

हातमाग, हस्तकला आणि जीआय असलेल्या मालासाठी पहिला फोटो खऱ्या कॅमेऱ्याने काढलेलाच पाहिजे असा नियम करा, आणि साडी असेल तर पदराच्या उलट्या बाजूचा एक फोटो सक्तीचा करा. उलटी बाजू मागितली की निम्मे खोटे विक्रेते तिथेच गळतील. नेसलेली साडी एआयने दाखवायची असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोत दाखवा, मराठी-हिंदीत वाचता येईल असं लिहून, की हे चित्र एआयने बनवलंय.

पैठणी हा शब्द टाकायचा असेल तर विक्रेत्याकडे जीआयच्या अधिकृत वापरकर्त्याची नोंद मागा, रेशीम म्हणायचं असेल तर सिल्क मार्क, हातमाग म्हणायचं असेल तर हँडलूम मार्क. या खुणा सरकारने याचसाठी काढल्यात. ज्यांची नोंद अजून झालेली नाही अशा खऱ्या विणकरांना मुदत द्या, त्यांना एकदम बाहेर काढू नका, नाहीतर नियम आमच्यासाठी केला आणि आम्हीच बाहेर असं होईल.

फोटो तुमच्या टूलने बदललेला असेल आणि त्यावरून माल परत आला तर येण्याजाण्याचा खर्च तुमचा, आणि तो स्टार आमच्या खात्यात धरायचा नाही.

फोटो चोरीच्या तक्रारीला माणूस द्या. नक्षी ओळखणारा, निदान ऐकून घेणारा, आणि मराठीत बोलणारा असेल तर फारच बरं.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला :

तुमच्याकडे २०१९ च्या कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार आहे. मालाचा एआयने बनवलेला आणि प्रत्यक्ष मालाशी न जुळणारा फोटो ही दिशाभूल करणारी जाहिरातच आहे, एवढं एका परिपत्रकात स्पष्ट लिहा, मग बाकीचे आपोआप लाइनीत येतील. आणि फोटो कंपनीच्या टूलने बदलला असेल तर जबाबदार कंपनी, विक्रेता नाही, हेही त्यातच लिहा. १९१५ हेल्पलाइनवर अशा तक्रारींसाठी वेगळा पर्याय ठेवा, म्हणजे अशा किती तक्रारी येतात ते निदान मोजलं जाईल.

हे पत्र वाचणाऱ्या गिऱ्हाइकांना पण एक सांगायचंय. साडी घ्यायच्या आधी विक्रेत्याला पदराच्या उलट्या बाजूचा छोटा व्हिडिओ मागा, दिवसाच्या उजेडातला, साडी हलवून दाखवलेला. खरा विणकर लगेच पाठवेल, त्याला त्याचा राग येणार नाही. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका. आणि फोटोत फसलात तर आधी स्क्रीनशॉट जपून ठेवा, फोटो नंतर बदलला जातो.

कंपन्यांनो, तुमच्या त्याच ई-कॉमर्स नियमात तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असं लिहिलंय. हे पत्र मी तुमच्या तक्रार अधिकाऱ्यांना ईमेलनेही पाठवतेय, आमच्या साडीचा मूळ फोटो, तुम्ही बदललेला फोटो आणि त्या रिटर्नची पावती जोडून. याला मत म्हणून बाजूला ठेवू नका, तक्रार म्हणून नोंदवा आणि तक्रार क्रमांक कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर हेच कागद घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, आणि माझ्याबरोबर आमच्या गल्लीतली आणखी घरं असतील, त्यांच्याशी बोलणं झालंय.

आपली,
येवल्यातल्या एका विणकर घरातली सून